बहिरी ससाण्यासाठी पेटी लावताय? आधी खडी चाळा

बहिरी ससाण्यावर लिहायला बसलं की जो तो त्याच्या ताशी ३०० किलोमीटरच्या झेपेपासून सुरुवात करतो. त्याला अंडी घालायला उंचावर पेटी लावणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. कामाची गोष्ट ही की हा पक्षी घरटं बांधतच नाही. कड्यावरच्या कपारीत छाती टेकवून, पाय मागे झाडत तो मातीत किंवा बारीक खड्यांत बशीएवढा खळगा करतो. मादी त्यातच तीन-चार अंडी घालते. आपण त्याला घर देत नसतो, एक कपार देत असतो.

तेव्हा पेटी मुळात हवी का, ते आधी ठरवा. जवळच्या कड्यावर जोडी दरवर्षी पिल्लं काढत असेल तर पेटी ही तुमची हौस झाली. चांगली कपार हे पक्षी पिढ्यान् पिढ्या सोडत नाहीत. शिवाय कड्यावर वाढलेलं पिल्लू मोठेपणी बहुधा कडाच शोधतं आणि इमारतीवर वाढलेलं इमारत. हा नुसता कल आहे, नियम नव्हे, पण पेटी टांगली की कड्यावरची जोडी येईल हा सल्ला मी फार ऐकलाय आणि तो चुकीचा आहे. कड्यावरची कपार उतरती असेल किंवा तिच्यात पाणी साचत असेल, तर तीच नीट करून घेणं बरं. पेटी शोभते ती उंच इमारतीवर, मनोऱ्यावर किंवा पुलावर, जिथे जोडी आधीच बसते पण अंडी घालायला उघडं काँक्रीट नाहीतर पन्हळ एवढंच आहे. भिंतीवर विष्ठेचे पांढरे ओघळ आणि खाली कबुतरांची पिसं दिसल्याशिवाय मी करवत हातात घेत नाही.

परवानगी लेखी घ्या, इमारतीच्या मालकाची आणि वन्यजीव खात्याचीही. पेटी मरीन प्लायची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची करा, ९० सेंटीमीटर रुंद, ६० खोल, ६० उंच. पुढून उघडी, छप्पर थोडं पुढे आलेलं. आतून रंग नको. तोंड दुपारच्या उन्हाकडे आणि पावसाच्या झडीकडे नसावं, समोर मोकळं आकाश असावं. विणीच्या चार-पाच महिने आधी ती जागेवर असली पाहिजे. बाकी सुतारकाम तुम्हाला येतंच.

आता खडी. माझी तीन वर्षं इथे गेली.

पहिल्या वर्षी मी नुसती वाळू घातली. मऊ असते, अंडी फुटणार नाहीत, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. ऐन उबवणीत दोन दिवस पाऊस लागला आणि वाळूचा थापा झाला. दुर्बिणीतून दिसत होतं, तीन विटकरी अंडी ओल्या वाळूत अर्धी रुतलेली, आणि मादी चोचीने ती फिरवायला बघतेय. अंडं फिरलं नाही तर आतला जीव टिकत नाही. साधारण महिन्याभरात पिल्लं बाहेर यायला हवीत. ही मादी महिना बसली, वर आणखी पंधरा दिवस बसली आणि मग उठली.

दुसऱ्या वर्षी बांधकामावरची फोडलेली खडी आणली, तीही जेमतेम तीन सेंटीमीटर जाडीची. तिला धारदार कडा असतात. मादीने उकरलं ते थेट प्लायपर्यंत, आणि पुन्हा फिरकली नाही. तिसऱ्या वर्षी खडी बरोबर होती, पण तळाची भोकं मी एक सेंटीमीटरची पाडली होती. खडे त्यांत बुचासारखे बसले. पेटीची बादली झाली.

म्हणून सांगतो ते तंतोतंत करा. नदीतले गोल, गुळगुळीत, वाटाण्याएवढे खडे घ्या. चाळा, धुवा, वाळवा. थर आठ ते दहा सेंटीमीटरचा, त्याहून कमी नको. तळाला भरपूर भोकं पाडा आणि त्यांवर बागेत मातीखाली घालतात ते पाणी झिरपणारं कापड अंथरा. कापडाच्या कडा पट्ट्यांखाली दाबून ठोका, सुटा दोरा राहिला तर पिल्लाच्या नख्या अडकतात. पेटीच्या उघड्या तोंडाशी खाली आडवी पट्टी लावा, ती खडीच्या वर दहा सेंटीमीटर तरी हवी, नाहीतर उकरता उकरता अर्धी खडी रस्त्यावर जाते. वर चढवण्याआधी खाली जमिनीवरच पेटी भरून बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनी हात घाला. तळाशी पाणी लागलं तर खडी उपसून भोकं पुन्हा बघा. एवढी खडी साठ ते ऐंशी किलो भरते, तेव्हा ती लहान पिशव्यांतून वर न्या आणि पेटी कशावर टेकणार ते जाणकाराला आधी दाखवा.

ही माझी एकट्याची खोड नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर १९३६ पासून जोडी यायची, पण कठड्यावर घातलेली अंडी फुकट जायची. १९४० मध्ये तिथे खडी घातलेलं खोकं ठेवलं, आणि मग पिल्लं उडायला लागली.

अंडी पडली की वर जायचं नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की माणूस बघून वेळेआधी उडी टाकतात. पहिल्या झेपेत एखादं रस्त्यावर उतरलं आणि ते धडधाकट असेल, तर झाकणाच्या खोक्यात घालून गच्चीवर सोडा आणि निघून या, आईबाप भरवतात. जखमी असेल तर वन्यजीव बचाव पथक. साफसफाई विणीनंतर वर्षातून एकदाच, हाडं-पिसं काढा आणि कमी झालेली खडी भरा.

पेटी रिकामी राहिली म्हणून दरवर्षी हलवत बसू नका. माझ्या एका पेटीत चार वर्षं कबुतरं नांदली. पाचव्या वर्षी साफ करायला गेलो तर आत त्यांची पिसं होती, आणि मधोमध बशीएवढा खळगा.