शेतीच्या ब्लॉगमधून धंदा उभा करताना: विदर्भातल्या गावाकडच्या लिहिणाऱ्यांसाठी

शेतीवर मराठीत लिहिणारे बरेच आहेत, त्यावर घर चालवणारे थोडे. बहुतेकांचा हिशेब जाहिरातीवर बांधलेला असतो आणि तिथेच तो फसतो. मराठी शेतीच्या पानावर जाहिरातीचा दर कमी, शिवाय वाचन हंगामी. खरिपात गर्दी, उन्हाळ्यात शुकशुकाट. म्हणून ब्लॉग गिऱ्हाईक जोडण्यासाठी वापरा आणि धंदा स्वतःच्या मालावर उभा करा. जाहिरातीचे पैसे आले तर वरकड.

एक पीक, एक पट्टा

"शेतीविषयक सर्व माहिती" असा ब्लॉग काढू नका. योजना, बाजारभाव, हवामान यांवर मोठी वर्तमानपत्रे रोज लिहितात, त्यांच्यापुढे तुमचे पान दिसणार नाही. वरूड-मोर्शीचा संत्रा, यवतमाळ-अकोल्याची पऱ्हाटी म्हणजे कापूस, समुद्रपूर भागातली वायगाव हळद, भिवापूरची मिरची, भंडारा-गोंदियाचे धान, यातले जे तुमच्या शिवारात रोज डोळ्यांपुढे असते ते एकच घ्या.

घेण्याआधी त्या पिकावर वर्षभरात शेतकरी विचारतात असे 40 प्रश्न वहीत उतरवा. कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर दोन-चार संध्याकाळी बसलात तर निम्मे तिथेच मिळतील. 40 भरले नाहीत तर ते पीक तुमचे नाही. प्रश्न जसा कानावर पडला तसाच मथळ्यात ठेवा. "संत्रा लागवड: संपूर्ण माहिती" हा मथळा शेकडो ठिकाणी आहे. "ताण तोडला तरी आंबिया फुटत नाही, काय करावं?" (ताण म्हणजे बहारासाठी झाडाचे पाणी काही काळ बंद ठेवणे, आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुटणारा संत्र्याचा बहार) हा क्वचितच सापडतो, आणि रात्री मोबाइल हातात घेऊन माणूस नेमके हेच विचारतो.

शोधताना लोक घरचाच शब्द वापरतात. वऱ्हाडात पऱ्हाटी, पूर्व विदर्भात भात नाही तर धान. लेखात पहिल्या दोन परिच्छेदांत पऱ्हाटी आणि कापूस दोन्ही येऊ द्या. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून पानाच्या पत्त्यात मुख्य शब्द रोमनमध्ये ठेवा. त्या पत्त्यात वर्ष मात्र घालू नका. तोच लेख दरवर्षी दुरुस्त करून वर आणायचा असतो. दर हंगामाला नवे पान काढले की जुन्या पानाने कमावलेली जागा वाया जाते.

लेख हंगामाच्या आधी

नव्या ब्लॉगचे पान गूगलवर वर यायला आठवडे लागतात. गरज उभी राहते त्या दिवशी टाकलेला लेख पुढच्या वर्षीच कामाला येतो. गरजेच्या साधारण सहा आठवडे आधी लेख चढवा. गुलाबी बोंडअळीचा लेख जुलैच्या सुरुवातीला, हरभरा पेरणीचा सप्टेंबर लागताच, आंबिया बहाराच्या ताणाचा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हळद उकडण्या-वाळवण्याचा नोव्हेंबर संपण्याआधी.

लेखात काय असावे, ते बोंडअळीवरच पाहू. "वेळीच उपाय करा" या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. वेळ कोणती ते सांगा: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग, किंवा शेतात फिरून तोडलेली 20 हिरवी बोंडे फोडल्यावर 2 बोंडांत अळी. फोटो डोमकळीचा हवा, म्हणजे पाकळ्या चिकटून मिटलेल्या फुलाचा. सकाळच्या उन्हात, हातभर अंतरावरून, शेजारी एक रुपयाचे नाणे धरून. दुसरा फोटो फोडलेल्या बोंडाचा, अळीचा रंग दिसेल असा. हे दोन फोटो तुमच्याच शेतातले असले पाहिजेत. इंटरनेटवरून उचललेला फोटो वाचक लगेच ओळखतो, आणि मूळ मालकाने तक्रार केली तर पान काढावे लागते.

फवारणीवर लिहिताना हात आखडता ठेवा. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे इथे कोणी विसरलेले नाही. मात्रा डब्याच्या लेबलवरूनच घ्या, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस पडताळा, आणि मात्रा किती लिटर पाण्याला व कोणत्या पंपासाठी, ते त्याच ओळीत लिहा. दोन औषधे मिसळण्याचा सल्ला शिफारशीत नसेल तर देऊ नका. चोर बीटीला, म्हणजे मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापूस बियाण्याला, ब्लॉगवर जागा नको, त्याची विक्री बेकायदेशीर आहे. औषध कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर असेल तर वर ठळक "जाहिरात" लिहा. मात्रेच्या लेखासाठी मात्र पैसे घेऊच नयेत असे आमचे ठाम मत आहे. ज्या वाचकाचा त्या लेखावरून विश्वास उडाला, तो तुमची हळदही घेणार नाही.

साइट

इथे फार वेळ घालवू नका. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट बनवून देणाऱ्या पोराच्या खात्यावर डोमेन राहिले आणि तो पुण्याला निघून गेला, की नूतनीकरण चुकते आणि नाव हातचे जाते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर साइटवर अगम्य दिसतो. फोटो 1200 पिक्सेल रुंद आणि 150 केबीच्या आत ठेवा. पान तयार झाले की साध्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, शेतात उभे राहून उघडून पाहा. तिथे अडकले तर फोटो आणखी हलके करा.

जाहिरातीसाठी गूगलची अॅडसेन्स ही सेवा मराठी पानांना चालते. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिनचे पत्र येते, आणि खेड्यात हेच पत्र हरवते. खात्यात पत्ता लिहिताना घरमालकाचे प्रचलित नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड, सगळे द्या, आणि गावच्या डाकसेवकाला आधीच सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय बँकेत येत नाहीत. हे उत्पन्न शेतीउत्पन्नात मोडत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून वेगळे बँक खाते ठेवा.

वाचकांची यादी

गूगलवरून आलेला माणूस उत्तर वाचतो आणि निघून जातो. त्याचा नंबर तुमच्याकडे राहिला पाहिजे. प्रत्येक लेखाखाली व्हॉट्सअॅप बिझनेसचे बटण ठेवा आणि त्याबरोबर काहीतरी उपयोगी द्या, जसे की तुमच्या पिकाचे महिनावार कामांचे एक पानी वेळापत्रक. नंबर वेगळ्या सिमवर असू द्या.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीचा (एकच संदेश अनेकांना एकदम पाठवायची सोय) एक नियम लोकांना माहीत नसतो: ज्याने तुमचा नंबर जतन केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो, आणि एका यादीत 256 च माणसे बसतात. म्हणून वेळापत्रक पाठवतानाच सांगा, "नंबर सेव्ह करा, तरच पुढचे संदेश येतील." न विचारता शेकडो लोकांना संदेश धाडले तर लोक तक्रार करतात आणि नंबर बंद होतो. यादीत नाव, गाव, तालुका, पीक, एकर आणि "संदेश चालेल" म्हणाल्याची तारीख लिहा. आठवड्याला एक संदेश पुरे, त्यातले चारपैकी तीन निव्वळ माहितीचे.

विकणार कोणाला, हेही याच यादीतून ठरते. हळद पिकवणारा शेतकरी तुमची हळद घेणार नाही. ती घेतात नागपूर, पुणे, मुंबईत राहणारी त्याची मुले, भाऊ, मेहुणे. म्हणून महिन्यातून एखादा लेख या लोकांसाठी लिहा: हळद घरी कशी पारखावी, जवसाची चटणी कशी करावी, लाल तिखट वर्षभर कसे टिकवावे. हे लेख इतके वाटले जातात की फवारणीचे लेख मागे पडतात.

पहिला माल

सुरुवात कोरड्या, टिकाऊ मालाने करा: हळद, तिखट, तूरडाळ, जवस. संत्रा मोहक दिसतो, पण वाटेत दोन दिवस जास्त लागले की पेटीत एक फळ सडते आणि शेजारची चार नासवते. तो दुसऱ्या वर्षी.

हळदीचा हिशेब मांडू. 100 किलो ओली हळद उकडून वाळवली की 20 किलोच्या आसपास हळकुंड मिळते. पॉलिश आणि दळणाची घट धरून 18 किलो पावडर हाती येते असे समजा. आता पुडी 500 ग्रॅमची करावीशी वाटेल. करू नका. पोस्टाचा दर 500 ग्रॅमला टप्पा बदलतो. पुडीची पिशवी 12 ग्रॅम, वरची कुरिअर पिशवी 15 ग्रॅम, बिल 5 ग्रॅम धरले की 500 ची पुडी 532 ग्रॅम होते आणि तुम्ही पुढच्या टप्प्याचे पैसे भरता. 450 ग्रॅमची पुडी 482 वर थांबते. 18 किलोच्या अशा 40 पुड्या होतात.

समजा हळकुंडाचा भाव 150 रुपये किलो आणि दळण 20 रुपये किलो. 20 किलोचे 3,400 रुपये, म्हणजे पुडीमागे 85. पिशवी, लेबल, वेष्टन 15. टपाल 70 धरू. झाले 170. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे) साधारण 2 टक्के, म्हणजे 5 रुपये. वीस पुड्यांत एक फुटणार किंवा हरवणार, तिचे 9. भरण्या-बांधण्याची तुमच्या घरच्यांची मजुरी 25. एकूण 209. हळद घरची म्हणून तिचा भाव शून्य धरणारे 150 ला पुडी विकतात, मागणी वाढली की खूश होतात, आणि हंगामाच्या शेवटी खिशात काही उरत नाही. घरच्या मालालाही मोंढ्याचा भाव लावा. तुमचे आकडे टाकून हा हिशेब पुन्हा करा आणि 209 च्या जागी जे येईल त्यावर किमान पाचवा हिस्सा चढवून किंमत ठेवा. एका पत्त्यावर दोन पुड्या गेल्या तर टपाल दुप्पट होत नाही, म्हणून जोडीची किंमत वेगळी लावा.

पार्सल मोठ्या खोक्यात घालू नका. खासगी कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि जे वजन जास्त ते धरतात. 30 बाय 20 बाय 15 चे खोके आत काहीही असले तरी किमान 1.8 किलोचे ठरते. खेड्यातून माल उचलायला बरेच कुरिअर येत नाहीत. तालुक्याच्या पोस्टातून आठवड्यातले दोन दिवस ठरवून पाठवा आणि तेच दिवस साइटवर लिहा, म्हणजे रोज विचारणा होत नाही.

कागदपत्रे

न दळलेले हळकुंड स्वतःच्या शेतातले विकणे आणि पावडर करून पुडीत विकणे यांत कायद्याने फरक आहे. पावडरीसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते. मिळालेला 14 अंकी क्रमांक पुडीवर छापा. लेबलवर आणखी हवे: पदार्थाचे नाव, घटक, हिरवे शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच क्रमांक, किती काळात वापरावे, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत, पॅकरचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. पॅकर म्हणून वैधमापन शास्त्र (वजनमापे) विभागाकडेही नोंद करायची असते.

"वायगाव हळद" आणि "भिवापूर मिरची" ही नावे भौगोलिक मानांकनाची, म्हणजे ठरावीक भागातल्या मालासाठी राखून ठेवलेली, आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ती पुडीवर लिहू नका. कुरकुमिनचा (हळदीतल्या पिवळ्या घटकाचा) टक्का प्रयोगशाळेचा अहवाल हातात असेल तरच छापा. हळदीने अमुक रोग बरा होतो असे तर ब्लॉगवरही नको, तो गुन्हा ठरू शकतो.

जीएसटीत लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. उलाढाल थोडी असली की नोंदणी लागत नाही, एवढेच त्यांनी ऐकलेले असते. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर ती सवलत लागू होत नाही. हैदराबादच्या नातेवाइकाची पुडीची ऑर्डर घेण्याआधी तालुक्याच्या कर सल्लागाराकडे एकदा बसा. तोवर साइटवर "फक्त महाराष्ट्रात" असे लिहून ठेवा.

बियाणे, खत, औषध यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर घेऊ नका. त्यांना स्वतंत्र परवाने लागतात.

पैसे आणि तक्रारी

पहिले काही महिने यूपीआय पुरते. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसली की मगच पार्सल बांधा. माल मिळाल्यावर पैसे, ही सोय सुरुवातीला देऊ नका. दारात नाकारलेले पार्सल परत येते तेव्हा टपाल दोन्ही बाजूंचे तुमच्या अंगावर पडते. दिवसाला दहाएक ऑर्डरी येऊ लागल्या की पेमेंट गेटवे घ्या. त्यासाठी साइटवर संपर्क, अटी, माल पाठवण्याचे आणि पैसे परत करण्याचे धोरण अशी पाने लागतात. ती नसली की अर्ज परत येतो.

फुटलेल्या पुडीची तक्रार आली की वाद घालू नका, फोटो मागवा आणि दुसऱ्याच दिवशी नवी पुडी पाठवा. ते पैसे आपण किमतीत आधीच धरलेले आहेत. पुडी कुठे फुटली ते फोटोत नीट पाहा. शिवणीवर फुटली असेल तर सीलिंग मशीन कमी तापते आहे किंवा शिवणीवर पावडर सांडते आहे. भरताना कागदाचे नरसाळे वापरा, शिवण कोरड्या फडक्याने पुसा आणि एक बोट अंतर सोडून दुसरी शिवण मारा. कोपऱ्यात भोक असेल तर पिशवीचा कागद पातळ आहे, पुढच्या खेपेला जाड मागवा. कोणत्या बॅचची पुडी फुटली ते वहीत लिहा. एकाच बॅचच्या तीन आल्या तर त्या बॅचमधल्या घरात उरलेल्या सगळ्या पुड्या पुन्हा सील करून मगच पाठवा.