पदवी झाली, पण दिशा सापडेना? या चुका टाळा

बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्या मुलामुलींना पुढं काय करायचं ठरवलंय असं विचारलं, की बहुतेकांकडून एखाद्या पदाचं नाव येतं. तहसीलदार. पीएसआय. बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर). नाहीतर नुसतंच 'आयटीत'. मग मी दुसरा प्रश्न विचारते: हा माणूस सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय काम करतो? इथं बरेच जण गप्प होतात. तालुक्याच्या कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता माझी खात्री आहे, घोळ इथूनच सुरू होतो. आपण पद निवडतो, काम निवडत नाही.

पदाच्या नावावर भाळणं

एमपीएससीच्या गट ब संयुक्त परीक्षेचंच घ्या. पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), एसटीआय (राज्यकर निरीक्षक) आणि एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) या पदांची पूर्वपरीक्षा एकच असते, त्यामुळं मुलं 'कंबाईन करतोय' म्हणतात आणि जे मिळेल ते घ्यायची तयारी ठेवतात. पण या तिघांचे दिवस बघा. पीएसआयचा दिवस बंदोबस्त, पंचनामे, तपासाची कागदपत्रं आणि कोर्टाच्या तारखांमध्ये जातो, रात्रपाळी वेगळीच. एसटीआय जीएसटीची विवरणपत्रं आणि व्यापाऱ्यांचे हिशेब तपासत असतो. एएसओ मंत्रालयात बसून फायलींवर टिपण्या लिहितो. माणसांत रमणारा, फिरतीवर खूश असणारा मुलगा एएसओ झाला तर पेढे वाटून होतात, आणि वर्षभरात तो कंटाळतो. जिला शांत बसून कागद वाचायला आवडतं तिला पीएसआयचं काम रोज ओढून न्यावं लागतं.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ज्या कामाचा विचार करताय, ते काम करणारी निदान तीन माणसं गाठा. 'सर, मार्गदर्शन करा' असं म्हणू नका, त्यातून भाषणच ऐकायला मिळतं. 'काल दिवसभर तुम्ही काय केलं?' असं विचारा. यातलं कोणतं काम नकोसं होतं, सुट्टीच्या दिवशी फोन येतो का, पाच वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाच्या हातात महिन्याला किती पडतात, हेही विचारा. तहसीलदार व्हायचंय तर जमिनीच्या नोंदीतल्या फेरफाराच्या सुनावणीच्या दिवशी कचेरीत जाऊन बसा. भावाभावांचे वाद, वकिलांचे युक्तिवाद, पुढच्या तारखा हे सगळं ऐका. हे ऐकून उत्साह वाढला तर पुस्तकं घ्या.

'३८ पर्यंत वेळ आहे' असं समजणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. हा आकडा मुलांना निश्चिंत करतो. पण बाकीची दारं इतका वेळ उघडी राहत नाहीत. बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेतून क्लार्क व्हायचं तर खुल्या प्रवर्गाला २८ पर्यंतच अर्ज करता येतो, पीओसाठी ३०. ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत मिळते, तरीही ते ३८ पासून लांबच राहतं. म्हणजे एकाच परीक्षेच्या मागं ३१ वर्षांपर्यंत राहिलात, तर दुसरा पर्याय तुम्ही नाकारण्याआधीच हातातून गेलेला असतो.

शिवाय वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आधी २८ एप्रिलला जाहीर झाली होती. ती पुढं ढकलली जात अखेर १ डिसेंबरला झाली. मधल्या काळात खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी चालूच होती. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळं वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्नांचा सराव केलेल्यांना उत्तरं लिहायची सवय नव्यानं लावावी लागली. यात मुलांचा काहीच दोष नाही. पण असं होऊ शकतं हे धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

तयारी करू नका असं मी कुणालाच सांगत नाही. राज्याला चांगले अधिकारी हवेतच. फक्त सुरू करण्याआधी किती प्रयत्न देणार ते वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा. प्रत्येक पूर्वपरीक्षेनंतर आपण कटऑफपासून किती गुणांनी लांब होतो ते त्याच पानावर टिपत जा. अंतर कमी होत असेल तर पुढं जाण्यात अर्थ आहे. सलग दोनदा ते तसंच राहिलं किंवा वाढलं, तर 'यंदा थोडक्यात गेलं' असं म्हणून स्वतःला फसवू नका.

पहिल्या प्रयत्नासाठी लगेच पुण्याला जायची गरज नसते. सदाशिव पेठ, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून जो अभ्यास होतो, त्यातला बराचसा तालुक्याच्या अभ्यासिकेतही होतो. क्लाससाठी कर्ज काढण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणात आपण बसतो का, ते तपासा. आणि सरळसेवा, बँक, विमा कंपन्यांच्या परीक्षांचे अर्ज भरत राहा. गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी हे तिथंही लागतं.

आणि ती वर्षं आधीच गेली असतील तर?

असे बरेच जण येतात, आणि खाली मान घालून बसतात. मला ते बघवत नाही, कारण या मुलांना खरोखर पुष्कळ येत असतं. सातबारा वाचता येतो, शासन निर्णय समजतो, ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कोणाला काय अधिकार आहेत ते माहीत असतं, शुद्ध मराठीत अर्ज लिहिता येतो. बँकांचे शेती कर्ज विभाग, पतसंस्था, विमा, गावपातळीवर काम करणाऱ्या सामाजिक संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या या सगळ्यांना हे येणारी माणसं लागतात.

मुलाखतीत मधला काळ लपवू नका. 'घरगुती अडचण होती' म्हटलं की पुढचे दोन प्रश्न त्याच अडचणीवर येतात. सरळ सांगा: मी स्पर्धा परीक्षेची तयारी केली, अमुक टप्प्यापर्यंत पोचलो, आता थांबलोय, आणि त्या अभ्यासातलं हे-हे मला तुमच्याकडं वापरता येईल. पहिला पगार मनासारखा नसेल. तरी घ्या. रोज ठरलेल्या वेळेला कामावर जायची आणि वरिष्ठांशी बोलायची सवय परत लागायला काही महिने जातातच.

वेळ काढायला कोर्स करणं

'रिकामं बसण्यापेक्षा एमए लावून टाक' हे घरोघरी ऐकू येतं. विषयाची ओढ असेल, नेट-सेट देऊन शिकवायचं असेल, तर जरूर करा. नाहीतर दोन वर्षांनी प्रश्न तोच असतो, फक्त वय वाढलेलं असतं.

डेटा सायन्स, डिजिटल मार्केटिंग असले महागडे कोर्स 'शंभर टक्के नोकरीची हमी' देऊन विकले जातात, तिथं जास्त सावध राहा. फी हप्त्यानं भरा म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तुमच्या किंवा वडिलांच्या नावानं कर्ज काढलेलं असतं. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. सही करण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोघातिघांशी स्वतः बोला, संस्थेनं भिंतीवर लावलेले फोटो पुरावा मानू नका. त्याच विषयाचा एखादा कोर्स आधी केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर फुकट सुरू करून पाहा. महिनाभर नेटानं झाला, तर पैसे भरायचा विचार करा.

येतंय ते बायोडाटात न लिहिणं

बीकॉमच्या एका मुलीचा बायोडाटा माझ्यापुढं होता. अनुभव: नाही. छंद: वाचन, गाणी ऐकणं. बोलता बोलता कळलं, घरी वडील दूध संकलन केंद्र चालवतात आणि अकरावीपासून तिथलं सगळं लिखापढीचं काम तीच करते. पहाटे प्रत्येक किटलीतल्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) मशीनवर बघून नोंदवायचं, दरपत्रकाप्रमाणं भाव लावायचा, पशुखाद्याची उचल वजा करायची, दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची, आणि कुणी 'माझं फॅट कमी कसं लागलं?' म्हणून भांडायला आला तर त्याला नोंदी दाखवून शांत करायचं. हे का लिहिलं नाहीस? तर म्हणाली, 'मॅडम, ते घरचं काम आहे ना.'

तिच्याकडं असलेला अनुभव कित्येक एमबीएवाल्यांकडं नसतो. आम्ही ते सगळं चार ओळींत लिहिलं, किती उत्पादकांचा हिशेब ठेवते तो आकडाही घातला. तुम्हीही एक कागद घ्या आणि गेल्या तीन वर्षांत केलेलं प्रत्येक काम लिहा: दुकानात बसणं, मंडळाची वर्गणी आणि खर्चाचा हिशेब, शिकवण्या, आईच्या बचत गटाच्या वह्या. कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही, त्यावर खूण करा. कल चाचणीला पैसे देण्याआधी हे करून बघा.

नोकरीसाठी पैसे भरणं

डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे, गणवेशाचे पैसे, काहीही म्हणून आधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नका, दाखवून परत घ्या. आखातात कामाला जायचं असेल तर एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहिल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका.

कामाची चव न घेताच ठरवणं

आपल्याकडं आयटीआयवाले आणि इंजिनिअर सोडले तर अप्रेंटिसशिपचं नावही फारसं कुणी काढत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आता साध्या पदवीधरांनाही बँका, सरकारी उपक्रम आणि खासगी कंपन्यांत साधारण वर्षभर विद्यावेतनावर काम शिकता येतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या नॅट्स या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्यात पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. ही कायमची नोकरी नव्हे, हे घरच्यांनाही आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर मुदत संपल्यावर मनस्ताप होतो.

मुलींच्या बाबतीत याचा आणखी एक उपयोग मी पाहिलाय. 'अजून काही ठरलं नाही' म्हणणाऱ्या मुलीसाठी लगेच स्थळं बघायला सुरुवात होते. तिच्याकडं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं पत्र आणि दरमहा खात्यात येणारी रक्कम असली, की आईवडिलांशी बोलायला तिला आधार मिळतो.

पदवीनंतर फार वर्षं लोटली की अप्रेंटिसशिपला अर्ज करता येत नाही, तेव्हा निकाल लागला की त्याच महिन्यात नोंदणी उरकून घ्या. आधार कार्ड, गुणपत्रिका, फोटो आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं जवळ ठेवा. आधार, गुणपत्रिका आणि बँक खातं या तिन्हींवर नाव एकसारखं आहे ना, तेही त्याआधीच तपासा. आधारवर एक नाव आणि गुणपत्रिकेवर दुसरं, एवढ्यावरून अर्ज अडकून पडलेले मी पाहिलेत.