बांगड्यासोबत करवंदांचा तिखट सॉस

माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर पाटणकडचं. एकीकडे बांगडा, दुसरीकडे करवंदं. लग्नानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात सासूबाईंनी टोपलीभर करवंदं बांधून दिली, ती मांडीवर घेऊन मी एस.टी.नं माहेरी आले. आंबोली उतरेपर्यंत तळाची करवंदं चेंगरून रस साडीवर उतरला होता. तो डाग काही गेला नाही. चेंगरलेली करवंदं टाकवेनात म्हणून त्यांचा सॉस करायला घेतला आणि दोन वाट्या गूळ घालून मस्त आटवत बसले. आईनं तळलेल्या बांगड्याच्या ताटात तो गोळा बघितला आणि म्हणाली, "ह्या काय गो? माशांवांगडा मुरांबो?"

तिचं बरोबरच होतं. करवंदात पेक्टिन भरपूर आणि आंबटपणाही भरपूर. त्यात गूळ पडला आणि जास्त आटलं की मुरंबा होणारच. म्हणून पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवा: गूळ हात आखडून, आणि सॉस पातळ असतानाच गॅस बंद.

अर्धा किलो करवंदं घ्या. सगळी काळीभोर नकोत. तीन भाग पिकलेली आणि एक भाग लालसर, अजून टणक असलेली. काळ्यांनी रंग आणि गोडी येते, लालसरांनी आंबटपणा आणि दाटपणा. लहानपणी आम्ही करवंद दातानं फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी म्हणायचो. इथे कोंबडे जास्त हवेत. कच्च्याला पांढरा चीक असतो. देठ काढण्याआधी बोटांना तेल लावा, नाहीतर दिवसभर बोटं चिकट. देठ काढलेली करवंदं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की बराचसा चीक सुटतो. मग दोन पाण्यांनी धुवा.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. पितळ, अॅल्युमिनियम नको, आंबटानं भांडंही जातं आणि चवही. करवंदं एक वाटी पाण्यात मंद आचेवर झाकून शिजवा. दहा-बारा मिनिटांत साली फुटतात आणि पाणी जांभळं होतं. मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या जाऊन कडवटपणा उतरतो. लाकडी रवीनं घोटा आणि पुरणयंत्रातून किंवा मोठ्या चाळणीतून दाबून गाळा. चाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गर चमच्यानं निपटून घ्या, तोच सगळ्यात दाट असतो. साधारण दोन वाट्या गर निघतो.

आता तिखट. सहा ब्याडगी आणि तीन संकेश्वरी मिरच्या, बिया झटकून, कोमट पाण्यात वीस मिनिटं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जाळाला. आठ लसूणपाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं घालून हे बारीक वाटा. दोन चमचे खोबरेल तापवून वाटण परता. घाई इथेच नडते. कच्चा लसूण आंबट गरात गेला की नंतर कितीही उकळा, तो उग्र वास हटत नाही. तेल कडेनं सुटायला लागलं, वाटण कालथ्याला चिकटायचं थांबलं, की मगच गर ओता. एक चमचा मीठ, दोन चमचे किसलेला गूळ. मिरचीचा ठसका घशाला लागला पाहिजे आणि गोडी फक्त मागून जाणवली पाहिजे.

पाच-सहा मिनिटं मंद उकळी. मग परीक्षा: फ्रीजमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाका आणि त्यातून बोट फिरवा. रेघ हळूहळू मिटली तर झालं. तशीच उभी राहिली तर मुरंब्याकडे चाललाय, दोन चमचे गरम पाणी घाला. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, हे विसरू नका.

गॅस बंद केल्यावर पाच-सहा तिरफळं, आतली काळी बी काढून, नुसती ठेचून टाका आणि झाकण ठेवा. वाटू मात्र नका. बांगड्याचं आणि तिरफळाचं नातं आमच्याकडे जुनंच आहे, आमटीत असतंच ते. जिभेवर जी बारीक चुणचुण येते तिनं बांगड्याच्या तेलकटपणावर उतारा मिळतो. वाढताना टरफलं काढून घ्या.

बांगड्याला चिरा देऊन मीठ, हळद, तिखट लावा. रोज लावतो ते कोकमाचं आगळ आज नको, सॉस पुरेसा आंबट आहे. रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून घोळवा आणि तव्यावर शेलो फ्राय करा. सॉस माशावर ओतू नका, कुरकुरीतपणा गेला तर तळलं कशाला? ताटात सॉसचा पसरट थर द्या आणि मासा त्यावर टेकवा. सौंदाळे, पेडवे, सुरमई यांच्याशीही जमतं. पापलेटला मात्र मी देत नाही. त्याची चव इतकी नाजूक की करवंद तिला गिळून टाकतं. नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण तो घाटावरचा.

फळ आणि तिखट हे काही नवं नाही. गोव्याकडे पिकल्या आंब्याचं सासव करतात, मोहरीचा झणका असलेलं. फक्त ते सोवळ्यातलं, माशाच्या ताटात येत नाही.

सॉस काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. खोबरेल वर गोठतं, वाढण्याआधी जरा गरम करा. करवंदं मेअखेरीस संपतात आणि १ जूनला मासेमारीची बंदीही लागते, म्हणून मी नुसता गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. जुलैच्या पावसात सुका बांगडा भाजला की चार खडे काढायचे. तेव्हा सॉसमध्ये मीठ अजिबात घालू नका, सुक्या बांगड्याला स्वतःचंच पुष्कळ असतं.