आयर्लंडला येताय? मग आयरिश भाषेबद्दल एवढं ऐकून या

"जॉब लागलाय, आता आयरिश शिकावी लागेल का?" हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. नाही लागणार. ऑफिस, बँक, डॉक्टर, घरमालक, सगळं इंग्लिशमध्येच चालतं. पण "मेलेली भाषा आहे ती, सोड" असं जे आपले लोक सांगतात ना, ते इथल्या माणसासमोर बोलू नका. मी पहिल्याच महिन्यात लंचला बोलून बसलो, आणि टेबलावर जी शांतता पसरली ती अजून आठवते. आणि हो, तिला 'गेलिक' पण म्हणू नका, गेलिक म्हटलं की इथे 'गेलिक फुटबॉल' हा त्यांचा देशी खेळ समजतात. आयरिश म्हणा.

तशी ती पहिल्या दिवसापासून भेटतेच. डब्लिनच्या बसवर 'अन लार' लिहिलेलं असतं, ते कुठलं गाव नाही, सिटी सेंटर. पोलीस म्हणजे गार्डा. पंतप्रधान म्हणजे टीशक (मालवणजवळच्या वराड गावातलं मूळ असलेले वराडकर २०१७ ला झाले तेच). पबमध्ये दारावर 'म्ना' (Mná) असेल तर तो लेडीज टॉयलेट, स्पेलिंग बघून मेन समजून घुसू नका. आणि नावात एम-एच किंवा बी-एच दिसलं की बहुतेक वेळा 'व' वाचा, टीममधल्या नीवला (Niamh) मी आठवडाभर नियाम म्हणत होतो, बिचारी काही बोलली नाही.

इंग्लिशमध्येसुद्धा आयरिश लपलेली असते. कलीग म्हणाला "आयम आफ्टर सेंडिंग द मेल", मी समजलो नंतर पाठवणार, अर्धा दिवस वाट बघितली, तर मेल कधीच इनबॉक्समध्ये. ती आयरिशची वाक्यरचना आहे, अर्थ 'आत्ताच पाठवलं'. आयरिशमध्ये हो-नाहीला सरळ शब्दच नाही, क्रियापद परत म्हणायचं, आपलं "जेवलास का?" "जेवलो" असतं ना, तसंच.

आता ती शांतता का पसरली ते. १८३१ पासून, ब्रिटिशांच्या राज्यात, सरकारी शाळा आल्या, त्या इंग्लिशमध्ये. काही ठिकाणी मुलांच्या गळ्यात काठी अडकवायचे, आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर एक खाच, आणि दिवस संपला की खाचा मोजून मार. यात घरचेही सामील असायचे, कारण पोराला अमेरिकेत काम मिळायचं तर इंग्लिश हवं (ऐकल्यासारखं वाटतं ना?). मग १८४५ ला बटाट्याचं पीक सडलं आणि दुष्काळ पडला, सुमारे १० लाख लोक मेले, तेवढेच बोटीत बसून गेले, आणि सगळ्यात जास्त मार बसला तो पश्चिमेकडच्या गरीब, म्हणजे नेमक्या आयरिश बोलणाऱ्या भागाला. १८९३ ला डग्लस हाइड वगैरे मंडळींनी 'गेलिक लीग' ही संस्था काढून भाषा परत उभी करायला घेतली, हाच हाइड पुढे १९३८ ला देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३७ च्या घटनेत आयरिश पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्लिश दुसरी. युरोपियन युनियनची पण ती २००७ पासून अधिकृत भाषा.

कागदावर हे सगळं, पण २०२२ च्या जनगणनेत जवळपास १८.७ लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले फक्त ७२ हजारांच्या आसपास. शाळेत तेरा-चौदा वर्षं शिकूनही बोलता येत नाही याची लोकांना आतून लाज वाटते, म्हणून जपून बोला. रोजच्या वापरातली आयरिश ऐकायची तर पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा, डॉनेगल किंवा डिंगलच्या बाजूला जा, तिकडे कित्येक पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, मॅपवर दोन्ही नावं बघून निघा.

मुलांचं मात्र नीट ऐका. प्रायमरीत आयरिश सगळ्यांना असते. मूल परदेशात शिकून १२ वर्षांचं किंवा मोठं होऊन आलं असेल तर सूट मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही, शाळेत अर्ज करावा लागतो. लहान असेल तर सूट-बिट शोधत बसू नका, सगळी मुलं शून्यापासूनच शिकतात, उलट आपली पोरं पटकन उचलतात. आमची मुलगी पाच वर्षांची असताना शाळेत गेली आणि पहिल्याच महिन्यात घरी म्हणायला लागली, "अन विल क्याद अगम डुल ग डी अन लेहरस?" म्हणजे टॉयलेटला जाऊ का. शेजारच्या आजोबांना सांगितलं तर ते हसत सुटले, म्हणाले मला पण एवढंच येतं.