माळावरचा चिंकारा रंगवायचा तर

वन्यजीव चित्रकार व्हायचंय म्हणणारी बहुतेक मुलं वाघाच्या डोळ्यापासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी सुपे गाठायला सांगते. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. मुरूम, कुसळी गवत, मधूनच बाभूळ, बोर. लपायला फारसं काही नाही, तरी समोर उभा असलेला चिंकारा पटकन दिसत नाही. असं का होतं हे कळलं की अर्धं चित्र हाती आलं म्हणा.

त्याची पाठ गडद, पोट पांढरं. ऊन वरून पडतं, त्यानं पाठ उजळते. पोट सावलीत मंदावतं. दोन्ही रंग जवळजवळ एका पट्टीत येतात आणि अंगाची गोलाई मावळते. अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकारानं १८९६ मध्ये हे मांडलं. एका चित्रकारानं प्राणिशास्त्रज्ञांना चार गोष्टी ऐकवल्या, याचा मला आजही आनंद होतो!

तेव्हा पोटाला ट्यूबमधला कोरा पांढरा लावू नका. तिथे मुरमावरून उसळलेला तांबूस उजेड असतो. म्हणूनच आधी जमीन रंगवा, मग जनावर. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा, एवढ्यावर उन्हाळ्यातला माळ उभा राहतो. हिरव्याची ट्यूब घरीच ठेवा.

फोटो जरूर काढा, पण टेलिफोटो लेन्स मागची टेकडी थेट जनावराच्या पाठीला आणून चिकटवते. अंतरं वहीतच टिपावी लागतात, तीही सकाळी लवकर. ऊन चढलं की सगळं सपाट दिसतं.

पोटापाण्याचं विचाराल तर गिऱ्हाईक वाघच मागतं. माळाची चित्रं सावकाश खपतात. मधल्या काळात शिकवण्या, पुस्तकांतली चित्रं, माहितीफलक यांवर भागवावं लागतं. फलकाचं काम कमी लेखू नका, तिथे शरीररचना पक्की होते. मागच्या पायाचा जो उलटा गुडघा वाटतो, ती खरं तर टाच असते. काळविटाच्या मादीला सहसा शिंगं नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला असतात, नरापेक्षा बारीक. ती विसरलात तर पहिला फोन वनरक्षकाचा येईल.