सायकलच्या पुढच्या चाकावर हॉपिंग (उड्या) शिकताय? या चुका टाळा

मैदानावर नवीन मुलगा आला की प्रश्न ठरलेला असतो. "दादा, पुढच्या चाकावर सलग किती उड्या मारल्या की जमलं म्हणायचं?" स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किल या स्टंट सायकलपटूचे व्हिडिओ बघून आलेला असतो, डोळ्यांत चमक असते, आणि ती मला मनापासून आवडते. पण मी त्याला उलट विचारतो. एंडो करून, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून, मागचं चाक वर नेलंस, तर ते तिथे क्षणभर रोखता येतं का? आणि हवं तेव्हा, हवं तिथे खाली आणता येतं का? हे येत नसेल तर उड्या मोजायची वेळ अजून आलेली नाही.

बाइक ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकता सायकलने अडथळे पार करायच्या खेळात, हे हॉपिंग कशासाठी असतं तेही पाहा. रायडर एका खडकावरून झेप घेतो, पुढचं चाक समोरच्या खडकाच्या कडेवर टेकवतो, मागचं अजून हवेतच असतं. तिथे तो पुढच्या चाकावर एक-दोन बारीक उड्या मारून सायकल सरळ करतो आणि मग मागचं चाक जागेवर आणतो. अरुंद जागेत वळायलाही हेच कामी येतं. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) स्पर्धेत सेक्शनला, म्हणजे अडथळ्यांच्या एका टप्प्याला, २ मिनिटं मिळतात आणि पाय टेकला की दंड. तिथे उड्यांच्या संख्येला काही किंमत नाही. चाक कुठे पडलं, एवढंच बघितलं जातं.

ब्रेक न तपासता सुरुवात करणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कोणी सायकल घेऊन आलं की नमस्काराआधी त्याचा पुढचा ब्रेक दाबून बघतो.

या प्रकारात तुमचं सगळं वजन पुढच्या चाकाच्या तळहाताएवढ्या जागेवर असतं आणि ते चाक ब्रेकने पूर्ण जाम असावं लागतं. थोडंसं सरकणारा ब्रेक रस्त्यावर चालून जातो, इथे नाही. ट्रायल्सवाले रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला धरणारा) वापरतात तेव्हा मागुरा कंपनीच्या एचएस ३३ सारखा हायड्रॉलिक ब्रेक घेतात आणि रिमच्या कडा ग्राइंडरने खरखरीत करतात, ते याच पकडीसाठी. (ते बघून घरच्या सायकलच्या रिमवर ग्राइंडर चालवू नका. साध्या रिमची भिंत पातळ असते.)

एक कॉलेजचा मुलगा होता. मेहनती, पाय मजबूत, एंडो चांगला. एका रविवारी सायकल सर्व्हिसिंग करून आला. ब्रेक वाजतो अशी त्याने तक्रार केली होती, तर कामगाराने डिस्कवर सरळ तेलाचा स्प्रे मारून आवाज बंद करून दिला होता. याला वाटलं, काम झालं. पहिल्या प्रयत्नात चाक सरकलं आणि मागचं चाक धप्पकन खाली आलं. दुसऱ्यांदा तेच. मी पलीकडे दुसऱ्या मुलाला शिकवत होतो. याने वाट न बघता स्वतःच उपाय काढला: जास्त वेगाने यायचं आणि चारही बोटांनी लिव्हर आवळायचा. तेलकट डिस्क आधी घसरली, मग एकदम धरली. तो हँडलवरून पुढे गेला, हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

त्याचं चुकलं ते तेलात नाही, ते दुसऱ्याने मारलं होतं. पहिल्यांदा चाक सरकलं तेव्हाच सायकलवरून उतरायला हवं होतं. पकड कमी पडते तिथे जोर वाढवणं हा उतावळेपणा आहे, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

माझी सवय अशी: सायकलशेजारी उभं राहायचं, पुढचा ब्रेक एका बोटाने दाबायचा आणि हँडल पुढे ढकलायचं. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे आणि पुढचं केसभरही फिरता कामा नये. फिरलं तर त्या दिवशी हॉपिंग बंद. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन डिस्क पुसायची. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड नवे घ्यायचे. पॉलिश पेपरने घासणं, गॅसवर तापवणं हे जुगाड लोक सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, या प्रकारासाठी तर अजिबात नाही.

मागचं चाक अर्ध्यावर असताना उडी मारणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. मागचं चाक गुडघ्याएवढं वर आलं की मुलं उडायला लागतात. तिथे तोल नसतोच. वजन अजून मागे असतं, म्हणून प्रत्येक उडीला मागचं चाक थोडं खाली येतं आणि तिसऱ्या उडीला आपटतं. मग निष्कर्ष काय, तर "हातात ताकद कमी पडते." आणि हे लोक पुशअप्स मारायला जातात!

तोलाची जागा त्यांना वाटते त्यापेक्षा बरीच वर असते. मागचं चाक उंच, कंबर मागे, खांदे हँडलच्या वर, कोपरं किंचित वाकलेली. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन पुढच्या टायरच्या टेकण्यावर आलं की हातांवरचा ओढा अचानक हलका होतो. तो हलकेपणा ओळखायला शिकणं हाच खरा धडा आहे. यासाठी मी मुलांना बरेच दिवस उडीच मारू देत नाही. सावकाश चालत्या सायकलवर एंडो, चाक वर, क्षणभर थांब, ब्रेक सोड, चाक खाली. पुन्हा तेच. कंटाळतात, काहीजण सोडूनही जातात. जे टिकतात त्यांची पहिली उडी नीट पडते.

"ब्रेक सोड" हे मुद्दाम सांगतो. पुढे कलंडायला लागलं की माणूस घाबरून ब्रेक आणखी आवळतो आणि हँडलवरून जातो. वेळेत सोडला तर पुढचं चाक फिरतं आणि मागचं खाली येतं. हे बोटाच्या अंगवळणी आधीच पडलेलं हवं, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. आणि तोल फारच पुढे गेला असेल, तर पाय पेडलवरून काढून हँडलच्या पुढे उतरायचं. म्हणून सीट पूर्ण खाली हवी. २० इंची ट्रायल्स सायकलला बहुधा सीटच नसते, ते उगाच नाही.

उड्या सुरू झाल्या की एकच नियम: तोल जिकडे जातोय तिकडे चाक न्यायचं. काठी तळहातावर उभी तोलताना हात जसा काठीच्या कलाकडे धावतो, तसंच. पुढे जातोय तर पुढे हॉप, डावीकडे जातोय तर डावीकडे. नवशिके नेमकं उलट करतात, अंग ओढून सरळ व्हायला बघतात आणि पडतात.

बाकीच्या, थोडक्यात

शॉकअपवाली सायकल: तुम्ही खाली दाबता तो जोर फोर्क गिळून टाकतो. शिकायचंच असेल तर साधा रिजिड (शॉकअप नसलेला) फोर्क बसवा, पण लांबी जुन्या फोर्कला जुळणारी बघून. आखूड बसवला तर सायकल आधीच पुढे झुकते.

दोन बोटांनी ब्रेक: एकच बोट, लिव्हरच्या टोकाला. बाकीची बोटं हँडल धरायला लागतात. लिव्हर हँडलवर आतल्या बाजूला सरकवून घ्या.

क्लिपचे (बूट अडकवायचे) पेडल: मागचं चाक उचलायला शॉर्टकट म्हणून लोक हे लावतात. नका लावू. पायाची बोटं खाली वळवून पेडल मागे ढकलत उचलायला साध्या पेडलवर शिका. क्लिपमध्ये अडकलेला पाय पडताना सुटत नाही.

नजर चाकावर: समोर दोन-तीन हातांवर जमिनीचा एक डाग धरा.

गवतावर सराव: पडायला मऊ, पण ओलसर गवतावर जाम चाक सरकतं. कोरडं, सपाट काँक्रीट बरं.

हवा फार कमी: टायर रिमवर मुरडतो आणि सायकल आडवी जाते. माझ्या पुढच्या टायरमध्ये २५ पीएसआयच्या आसपास असते. वजनाप्रमाणे थोडं कमी-जास्त करा.

ढिला हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग): पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हेडसेटच्या कपावर बोट ठेवा. टकटक जाणवली तर आधी कसून घ्या. क्विक रिलीज (चाक झटकन काढायचा खटका) घट्ट आहे का तेही बघा, डिस्क ब्रेकचा जोर चाकाचा ॲक्सल खाचेतून ओढतो. सराव झाल्यावर पुढच्या चाकाच्या तारा हाताने दाबून पाहा, ढिली लागली तर चाकाला आउट यायच्या (ते वाकडं फिरायच्या) आत ओढून घ्या.