कार्यशाळेत ठरलेलं जातं कुठे? या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात कार्यशाळा म्हटली की हॉलमध्ये कूलर आलाच. पारा ४५ ला टेकलेला असताना तो बंद करा म्हणायची कोणाची हिंमत नाही. आणि समोरच्या भिंतीवर लोकांचे मुद्दे लिहिलेल्या स्टिकी नोट्स, म्हणजे चिकटणाऱ्या चिठ्ठ्या! पुढचं सांगायला नको, तरी सांगतो.

धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये एका संस्थेची दिवसभराची बैठक होती. तासभर वाद घालून लोकांनी चिठ्ठ्यांचे विषयवार गट पाडले. "फोटो जेवणानंतर काढू, भाजी थंड होते" असं ठरलं. जेवून येतो तर निम्म्या चिठ्ठ्या खुर्च्यांखाली. ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने त्या परत चिकटवल्या. चिठ्ठी एकही हरवली नाही, पण कोणती कशाखाली होती ते गेलं. कापसाच्या भावाची तक्रार 'प्रशिक्षण' या मथळ्याखाली गेली आणि अहवालात तशीच छापून आली.

माझ्याकडे गट पाडून झाले की चहासुद्धा नंतर, आधी फोटो. एक अख्ख्या भिंतीचा, मग एकेका चार्टचा, म्हणजे चिठ्ठ्या लावलेल्या मोठ्या कागदाचा, अगदी समोरून. प्रत्येक चार्टच्या कोपऱ्यात क्रमांक, तारीख आणि विचारलेला प्रश्न पूर्ण लिहायचा. नुसतं 'अडचणी' लिहिलं तर आठवड्याने कोणाच्या अडचणी ते कोणालाच आठवत नाही. चिठ्ठी गठ्ठ्यातून वर ओढू नका, बाजूने सोला. वर ओढली की तिला बाक येतो आणि कूलर नसतानाही ती पडते. शंका असेल तर सरळ सेलोटेप.

दुसऱ्या चुकीचा मला खरा राग येतो, ती म्हणजे लोकांची वाक्यं 'सुधारणं'. एका बाईंनी लिहिलं होतं, "टँकर पहाटे चारला येतो, अंधारात एकटी कशी जाऊ?" अहवालात आलं 'पाणीपुरवठा अनियमित'. अहो, टँकर रोज चारलाच येत होता! तक्रार अंधाराची होती. लिहिणारा पोरगा हुशार होता, पण त्याला संध्याकाळपर्यंत अहवाल 'टाकून मोकळं' व्हायचं होतं. वऱ्हाडी असो की हिंदी, वाक्य जसंच्या तसं उतरवा. तुमचा अर्थ हवाच असेल तर खाली वेगळ्या ओळीत लिहा.

नवीन मंडळींचा लाडका उपाय म्हणजे "सर, रेकॉर्ड करू, एआय लिहून देईल." कूलरच्या घरघरीत पाच जण एकदम बोलतात, ते रेकॉर्डिंग एकदा ऐकून बघा राजेहो. शिवाय कोण काय बोललं ते मिळेलही, पण त्यातलं ठरलं काय, हे हॉलमध्येच मोठ्याने वाचून 'हो' म्हणवून घ्यावं लागतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पिवळा मार्कर फोटोत दिसत नाही, काळा किंवा निळा घ्या. जबाबदारीच्या रकान्यात 'सर्वांनी' म्हणजे कोणीच नाही. एक नाव आणि एक तारीख लिहा, तीही त्या माणसाला समोर विचारून. पसंतीच्या मुद्द्यावर ठिपके लावून मतदान घेतलं तर नुसतं 'सर्वाधिक पसंती' लिहू नका, त्या वेळी हॉलमध्ये किती जण होते तेही लिहा. चारनंतर गोंदिया-गडचिरोलीकडची मंडळी गाडी पकडायला निघालेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षर पुसट होतं.

जाडजूड अहवालाची वाट बघत बसू नका. दुसऱ्याच दिवशी दोन पानं सगळ्यांना पाठवा, पटलं नाही ते आठवड्यात कळवा म्हणावं. तोवर चार्ट रद्दीत घालायचे नाहीत.